बोलक्याचं बोलावणं

मधुसूदन रिसबूडांना राग यायला कारण लागत नसे. मिळालं तर बरं, एवढंच. मराठी लघुलेखक म्हणून सरकारी कचेरीत त्यांचा जन्म गेला. साहेबांनी बोलायचं आणि यांनी टाइप करायचं. निवृत्त झाल्यावर साहेब सुटले, टाइपरायटर सुटला, दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करायची खोड तेवढी राहिली. नौपाड्यातल्या त्यांच्या गल्लीत वाण्याची पाटी, मंडळाचा फळा, शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिका, काहीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. लोक त्यांना वचकून होते, म्हणजे लांबून नमस्कार करत.

माणसं त्यांच्या घरी येत, पण ती सरोजकडे. सरोज म्हणजे त्यांची बायको. जिन्यातून जाणाऱ्या कुणालाही ती हाक मारायची, "बुधवारी या हो, थालीपिठं लावणार आहे," आणि रिसबूड आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून कुरकुरायचे. बुधवारी माणसं यायची, खायची, हसायची. रिसबूडही पेपराआडून दोन थालीपिठं मागवून घ्यायचे. मूलबाळ नव्हतं, त्याची उणीव त्या गलबल्यात जाणवली नाही.

सरोज गेली आणि येणंजाणं थांबलं. सुरुवातीला लोक समाचाराला आले. मग रस्त्यात भेटले की म्हणायला लागले, "या हो एकदा घरी." रिसबूड म्हणायचे, "येईन की." कुणाचं काही अडत नव्हतं. आपणच एखाद्याला बोलवावं हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. ते खातं सरोजचं होतं. कुणीतरी आपल्याला बोलवावं, तोंडदेखलं नाही, खरोखरीचं, एवढं एकच त्यांना हवं होतं आणि ही गोष्ट ते कुणाला सांगणार नव्हते.

अशात एका स्थानिक साप्ताहिकात जाहिरात आली. मराठी टंकलेखन येणारे, गप्पांची आवड असणारे निवृत्त स्त्री-पुरुष पाहिजेत. रिसबूडांनी प्रथम तिच्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि मग पत्ता लिहून घेतला.

पत्ता वागळे इस्टेटमधला होता. खाली स्क्रू बनवणारा कारखाना, वर कॉम्प्युटरवाले. हे १९९४ साल. कॉम्प्युटर म्हटलं की लोक चपला बाहेर काढत, तशा रिसबूडांनीही काढल्या. आनंद नावाचा तिशीचा एक उत्साही गृहस्थ तिथला प्रमुख होता. तो टेबलावरच बसून बोलू लागला.

"काका, आम्ही एक प्रोग्रॅम बनवलाय. मराठीत गप्पा मारतो. हिशोब नाही, रिझर्वेशन नाही, कायपण नाही. फुल टाइमपास गप्पा. आम्ही त्याला बोलका म्हणतो."

"ह्याचा उपयोग?"

"एकटी माणसं असतात ना काका, खूप."

"असतात खरी," रिसबूड म्हणाले. दुसऱ्या कुणाबद्दल तरी चाललंय अशा सुरात.

आनंदनं रीत समजावली. या खोलीत एक कॉम्प्युटर, भिंतीपलीकडे दुसरा, मध्ये एक वायर. कळा टाइपरायटरसारख्याच लावून दिल्या होत्या. इकडून रिसबूडांनी टाइप करायचं, तिकडून उत्तर येणार. कधी तिकडे ऑफिसातलं कुणी बसलेलं असेल, कधी नुसता बोलका. कोण आहे ते आधी सांगायचं नाही. बोलका मुद्दाम सावकाश, एकेक अक्षर टाकायचा, मध्ये चुकून खोडायचासुद्धा, म्हणजे वेगावरून ओळखता येऊ नये. गप्पा संपल्या की पडद्यावर दोन प्रश्न येणार. पलीकडे माणूस होता की यंत्र? म किंवा य दाबा. याच्याशी पुन्हा बोलावंसं वाटेल का? हो किंवा नाही दाबा.

"तिकडे बसणाऱ्यांनी आपण माणूस आहोत असं सांगायचं नाही, तुम्ही विचारायचं नाही. बाकी काय पण बोला."

खोलीच्या कोपऱ्यात एक बाई वाकून वायर खोचत होत्या. चाळिशी ओलांडलेली, सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा. आनंद म्हणाला, "या प्रमोदिनीताई देवधर. बोलका यांनीच लिहिलाय." बाईंनी मान हलवली आणि पुन्हा वायरीत डोकं घातलं. गप्पांचं यंत्र करणारी बाई मुखदुर्बळ निघावी याची रिसबूडांना गंमत वाटली.

पहिले काही दिवस त्यांनी मजेत घालवले. यंत्र पकडायचं म्हणून ते अवघड प्रश्न घालत. एकदा पलीकडून नुसतं "हा", "ओके", "बोला ना" असंच येत राहिलं. रिसबूडांनी तिरीमिरीत य दाबला. बाहेर आल्यावर कळलं, तिकडे खुद्द आनंद होता.

"काका, मला मशीन केलंत राव!"

"मराठी सुधारा," रिसबूड म्हणाले.

मग एके दिवशी पलीकडून विचारणा झाली, "आज जेवायला काय केलं होतंत?"

हा प्रश्न रिसबूडांना कित्येक दिवसांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी टाइप केलं, "भात. कालचं वरण."

"कालच्या वरणाला वरून फोडणी द्यावी, नवं होतं. कढीपत्ता आहे ना? माझ्या दारातच झाड आहे. येताजाता लोक ओरबाडतात, पण पुन्हा फुटतं."

"एकट्यासाठी कोण फोडणी करत बसणार?"

"एकट्यासाठीच करावी. लोकांसाठी सगळेच करतात."

रिसबूडांनी हे वाक्य दोनदा वाचलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. पुढं ते म्हणाले की दुपारी झोप लागत नाही. पलीकडून आलं, "माझीही लागत नाही. समोर पिठाची गिरणी. डोंबिवलीत रामनगरात राहायचं तर तेवढं सोसायला हवं. पण गिरणी बंद असली की जास्तच चुकल्यासारखं होतं." वेळ संपत आली तसं रिसबूडांनी लिहिलं, "निघतो आता."

"या ना एकदा घरी."

रिसबूडांचा हात थांबला. आयुष्यात ज्याला कुणीही प्रश्न विचारत नाही अशा या वाक्याला त्यांनी, निव्वळ खोडीपायी, प्रश्न विचारला. "कधी?"

"केव्हाही या हो. घर तुमचंच आहे."

पडद्यावर पहिला प्रश्न आला. रिसबूडांनी म दाबला. दुसरा आला. त्यांनी हो दाबलं. घरी जाताना त्यांनी भाजीवाल्याकडून कढीपत्ता मागून घेतला आणि कालच्या वरणाला फोडणी दिली. चांगलं लागलं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच त्यांनी सगळं संपवलं.

त्यानंतर ती कढीपत्तावाली आणखी काही वेळा आली. ती आली की रिसबूडांना पहिल्या दोन ओळींतच कळायचं. ती जेवणाचं विचारायची, पाय दुखतात का विचारायची, सरोजबद्दल ते एकदा बोलून गेले तर म्हणाली, "तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारायचात?" रिसबूडांनी टाइप केलं, "अगं." नुसतं अगं. मग त्यांना जरा वेळ पडदा नीट दिसेना. वागळे इस्टेटला जायचं असलं की ते सकाळी दाढी करायला लागले. इस्त्रीवाल्याला शर्ट देऊ लागले. प्रत्येक वेळी निघताना ती म्हणायची, या ना एकदा घरी, आणि यांनी 'कधी?' असं विचारलं की म्हणायची, केव्हाही या हो.

केव्हाही म्हणजे आज का नाही, असं एका रविवारी त्यांच्या मनात आलं. पलीकडे कोण ते शोधायचं नाही, या नियमाविरुद्ध होतं ते. पण नियम आनंदचा होता, आणि आनंदला मराठी येत नव्हतं.

डोंबिवलीला उतरून ते रामनगरात गेले. गिरण्या बऱ्याच निघाल्या. एकीच्या दारात पांढऱ्या भुवयांचा मालक पाटावर बसला होता. त्याचं नाव काळुराम, ते पाटीवरच होतं, आणि पाटी बरोबर लिहिलेली होती, त्यामुळे रिसबूडांनी त्यालाच विचारलं.

"कढीपत्त्याचं झाड असलेलं घर कुठं आलं?"

"ते काय समोर," काळुराम म्हणाला. "बाई हाय घरान. जावा. तिचेकडं कोन येत नाय कदी, खुश होल."

तळमजल्याची खोली, दाराशी खरंच झाड. खालच्या फांद्या ओरबाडलेल्या, वर नवी पालवी. रिसबूडांनी शर्टाची कॉलर नीट केली. हातात नौपाड्यातून घेतलेला बाकरवडीचा पुडा होता. त्यांनी कडी वाजवली.

दार प्रमोदिनी देवधरांनी उघडलं.

रिसबूडांना आधी आश्चर्य वाटलं आणि मग लगेच आनंद झाला. ही मुखदुर्बळ बाई! बरोबर आहे, तोंडानं बोलता येत नाही म्हणून बोटांनी बोलते. ते म्हणाले, "तुम्ही बोलावलंत म्हणून आलो."

"मी?"

"केव्हाही या म्हणालात. कढीपत्ता, गिरणी, सगळं सांगितलंत. पाय दुखण्याचं विचारलंत."

बाईंचा चेहरा हळूहळू बदलला. आधी त्या गोंधळल्या आणि मग, हे रिसबूडांनी स्पष्ट पाहिलं, एखाद्या परीक्षेचा निकाल लागावा तशा उजळल्या. "म्हणजे तुम्हाला माणूस वाटलं? तुम्ही म दाबलात?"

"म्हणजे?"

"अहो रिसबूड, ती मी नव्हते. तो बोलका. मी एकदाही तिकडे बसलेले नाही." मग त्यांनी रिसबूडांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "आत या ना. बसा. पाणी देते."

आतल्या एकमेव आरामखुर्चीवर रिसबूड बसले. पुडा मांडीवरच राहिला. बाई चहा टाकून आल्या आणि पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

"वरणाला फोडणी द्या म्हणाला तो," रिसबूड म्हणाले.

"वरण शब्द आला की फोडणी येते. तसं लिहिलंय."

"आणि मी भेंडी म्हटलं असतं तर?"

"तर चिंच घाला म्हणाला असता." बाईंनी हे अगदी ओशाळून सांगितलं.

"एकट्यासाठीच करावी फोडणी, हे?"

"एकटा शब्द आला की तीन वाक्यं आहेत. त्यातलं एक."

रिसबूडांना इतका राग आला की तो कुणावर काढावा ते कळेना. यंत्रावर काढण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, "मग घर कशाला तुमचं घातलंत त्यात? झाड कशाला? गिरणी कशाला? खोटंनाटं काहीतरी घालायचं."

"घालून बघितलं. आनंद म्हणाला क्रिकेट घाला, सिनेमे घाला. मी घातले. पण लोक थोडं बोलून कंटाळायचे. घर नसलेल्या माणसाशी काय बोलणार हो? मला हे एकच घर नीट माहितीये. आई होती तोवर इथे बायका यायच्या, हळदीकुंकवाला, लोणच्याच्या फोडी करायला. त्या काय बोलायच्या तेच आठवून आठवून लिहिलंय मी सगळं. जाताना प्रत्येक बाई म्हणायची, ये गं एकदा घरी."

"गेलात कुणाकडे?"

बाई हसल्या. "कुणाकडे जाणार? कधी ये ते कुणी सांगितलंच नाही."

चहा आला. गिरणी बंद होती, त्यामुळे दोघांचे घोट ऐकू येत होते. कप खाली ठेवल्यावर रिसबूडांना निवृत्त माणसाचा नेहमीचा झटका आला, समोरच्याची चूक दाखवायचा.

"तुमच्या बोलक्यात एक मोठी खोट आहे, देवधरबाई. ज्याला खरंच बोलवायचं असतं तो वार सांगतो. बुधवारी या, थालीपिठं लावणार आहे. वार सांगितल्याशिवाय बोलावणं खरं नसतं. या एकदा म्हणणारा कुणालाच बोलवत नसतो. हे मला आधी कळायला हवं होतं."

प्रमोदिनी चष्मा वर सारून लक्ष देऊन ऐकत होत्या. एवढं लक्ष देऊन रिसबूडांचं बोलणं सरोजनंसुद्धा कधी ऐकलं नव्हतं, ती आपली पोळ्या लाटता लाटता ऐकायची. निघताना बाई दारापर्यंत आल्या. त्यांचे ओठ हलले. आता म्हणते की काय या एकदा घरी, असं रिसबूडांना वाटलं. पण त्या तेवढंच म्हणाल्या, "सावकाश जा." आणि झाडाची एक डहाळी तोडून त्यांच्या हातात दिली.

झालेला प्रकार बाईंनी ऑफिसात सांगितला नाही. सांगितला असता तर रिसबूडांना काढलंच असतं, परीक्षकानं नियम मोडला म्हणून. हे रिसबूडांच्या लक्षात आलं, पण त्यांनी त्याचा अर्थ लावला तो असा की बाईंना आपला बोलका नापास व्हायला नको असेल. राग आला की रिसबूडांना प्रत्येक गोष्टीचा एकच अर्थ दिसे.

पुढच्या खेपेला ते कळांसमोर बसले ते तलवार उपसूनच. दाढी केलेली नव्हती. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग अक्षरं उमटली.

"आज जेवायला काय केलं होतंत?"

"वरण," रिसबूडांनी ठोकलं. येऊ दे फोडणी.

फोडणी आली नाही. थोड्या वेळानं आलं, "बाकरवडी चांगली होती का हो तुमच्याकडची? आमच्याकडे मऊ पडते."

बाकरवडीचा पुडा आपण तसाच मांडीवरून परत आणला होता, हे त्यांना आठवलं आणि त्यांचे कान तापले. म्हणजे बाईंनी तेही घातलं. बाकरवडी म्हटलं की मऊ पडते. आपल्या फजितीचा शब्द न् शब्द या पेटीत भरला जातोय. त्यांनी उत्तरच दिलं नाही. वेळ संपत आली. त्यांनी लिहिलं, "निघतो."

पुन्हा बराच वेळ काही नाही. मग एकेक अक्षर, मध्ये खोडून, पुन्हा लिहून, पडद्यावर आलं, "गुरुवारी या. दुपारी चारला. मी रजा टाकते. पोहे करीन."

रिसबूड ताठ बसले. "वार घातलात वाटतं," त्यांनी टाइप केलं.

"वार सांगितल्याशिवाय बोलावणं खरं नसतं ना."

त्यांचंच वाक्य. त्यांच्याच घशातून निघालेलं, डोंबिवलीत, चहा पिताना. कसं व्यवस्थित उचलून ठेवून दिलंय. उद्या दुसरा कुणी म्हातारा इथे बसेल, त्यालाही हेच वाक्य मिळेल, त्यालाही गुरुवारी बोलावतील, त्यालाही पोहे. सरोजची बुधवारची थालीपिठं मी या बाईला सांगितली आणि तिनं त्याचे पोहे करून यंत्रात घातले. रिसबूडांचे डोळे भरून आले, आणि ते रागाने भरलेत अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

माणूस की यंत्र? त्यांनी य दाबला, इतका जोरात की कळ अडकली. पुन्हा बोलावंसं वाटेल का? नाही.

गुरुवारी जेवण झाल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आरशात पाहिलं. एकदा यंत्राच्या सांगण्यावरून गेलास ते गेलास, दुसऱ्यांदा गेलास तर लोक ठाण्यात वेड्यांचं इस्पितळ आहेच म्हणतील, असं ते मोठ्यानं म्हणाले आणि शर्ट काढून खुंटीला लावला. मग खिडकीत बसून राहिले. समोरच्या इमारतीतल्या बाई वाळवण काढायला आल्या, म्हणाल्या, "काय रिसबूड, बरं आहे ना?" रिसबूड म्हणाले, "बरं आहे." "या हो एकदा," म्हणून त्या आत गेल्या.

परीक्षा संपल्या त्या दिवशी आनंदनं सगळ्या परीक्षकांना बोलावलं. समोसे होते, चहा होता, भिंतीवर बोलक्याचं नाव रंगीत कागदावर कापून लावलं होतं. आनंद फार खुशीत होता. बोलक्याला बऱ्याच जणांनी माणूस म्हटलं होतं. पुण्याहून कुणीतरी बघायला येणार होतं.

"आणि सर्वांत भारी किस्सा ऐका," आनंद समोसा हातात धरूनच म्हणाला. "एकदा आमचा तिकडे बसणारा माणूस आलेलाच नाही. तर प्रमोदिनीताई म्हणाल्या, मी बसते. ताई! ज्या कधी कोणाशी बोलत नाहीत! अर्धा तास बसलेल्या. आणि आपल्या रिसबूडकाकांनी त्यांना काय दिलं माहितीये? य! यंत्र! वर पुन्हा बोलायला नको!"

सगळे खो खो हसले. प्रमोदिनीही हसल्या, मान खाली घालून. रिसबूडांनी समोसा बशीत ठेवला. त्यांच्या डोक्यात अक्षरं पुन्हा एकेक करून उमटायला लागली. मध्ये खोडलेली. पुन्हा लिहिलेली. मी रजा टाकते. आपण माणूस आहोत हे सांगायला त्या खोलीत मनाई होती, म्हणून तिनं त्यांचंच वाक्य खूण म्हणून पाठवलं होतं. दुसऱ्या कुणाला ते माहीतच नव्हतं.

बाईंना स्टेशनला जायचं होतं आणि वाट नौपाड्यातून होती. रिसबूड त्यांच्याबरोबर निघाले. तीन हात नाका आला. रस्ता ओलांडल्यावर रिसबूडांनी विचारलं, "केले होते पोहे?"

"केले होते."

"मग?"

"काळुरामला दिले. तो म्हणाला, पाहुणा येनार होता का? मी म्हटलं, नाही रे, सहज केले."

"मला वाटलं यंत्र आहे."

"हो. तसं दाबलंत तुम्ही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर रिसबूडांना बरं वाटलं असतं, रागाशी कसं वागायचं ते त्यांना माहीत होतं. "चूक माझीच. यंत्रासारखं कोण बोलतं आणि माणसासारखं कोण, हे मलाच हल्ली कळत नाही. दिवसभर तीच वाक्यं घोळवायची. त्या दिवशी हात थरथरत होते हो माझे. पण पलीकडे ते दिसत नाही."

रिसबूडांची गल्ली आली. कोपऱ्यावर दोघं थांबले. वर, पहिल्या मजल्यावर, त्यांची खिडकी दिसत होती. खिडकीत सकाळी वाळत टाकलेला पंचा. काहीतरी बोलायला हवं होतं, काहीतरी खरं, आणि वेळ थोडा होता. प्रमोदिनींनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"या ना एकदा घरी," रिसबूड म्हणाले.

प्रमोदिनी जायला वळल्या होत्या, त्या थांबल्या. चष्मा वर सारून त्यांनी रिसबूडांकडे पाहिलं, आणि एरवी कुणीही विचारत नाही तो प्रश्न विचारला.

"कधी?"

रिसबूडांच्या डोळ्यांपुढे घर आलं. दुसऱ्या खुर्चीवर छपरापर्यंत पोचायच्या बेतात असलेली वर्तमानपत्रांची चळत. कपांपैकी एकालाच कान. साखर आहे की नाही माहीत नाही. आलेल्या माणसाला पहिलं काय विचारायचं असतं, तेही माहीत नाही, ते सरोज विचारायची. वार जिभेवर आला होता. साधा एक वार, सातांतला कोणताही चालला असता. त्यांनी तोंड उघडलं.

"केव्हाही या हो," ते म्हणाले. "घर तुमचंच आहे."

ऐकलं त्यांनी स्वतःच. प्रमोदिनींनीही ऐकलं. मग हलकेच मान डोलावून म्हणाल्या, "येईन की," आणि स्टेशनच्या दिशेनं चालू लागल्या.

रिसबूड जिना चढून वर आले. चप्पल न काढता त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली, दोन्ही हातांत मावतील तेवढी, आणि खाली भिंतीशी ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. खुर्चीची वेताची बैठक दिसायला लागली, तेव्हा ते धावत खिडकीशी गेले आणि वाकून बघू लागले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती, दोन बायका भाजी निवडून घेत होत्या. त्यांच्यात चष्मा कुणालाच नव्हता.

"रविवारी," रिसबूड म्हणाले. "रविवारी या. चारला."

खोलीत कुणी नव्हतं. रिकाम्या केलेल्या खुर्चीवर धूळ होती, ती त्यांनी पंचानं पुसली.